अक्षरी रुपये

गेल्या महिन्यात आपण फंक्शन म्हणजे काय ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच होता: फंक्शन्स लिहिली, पण ती ठेवायची कुठे? देवासच्या एका बी.सी.ए.च्या विद्यार्थिनीने लिहिलंय की तिच्या प्रोजेक्टची जावास्क्रिप्ट फाइल १४०० ओळींची झाली आहे. तिघी मैत्रिणी त्याच फाइलवर काम करतात, आणि एकीने काही बदललं की दुसरीचं बंद पडतं. सर म्हणतात, "मॉड्यूल्स करा." म्हणजे नक्की काय करायचं, ते मात्र सर सांगत नाहीत.

तर आज तेच. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात सापडेल असं घेते: मंडळाची पावती. वर्गणी दिली की पावतीवर आकड्यात ५०१ लिहितात आणि खाली "अक्षरी रुपये पाचशे एक फक्त". पावती कॉम्प्युटरवर निघायला लागली की ही खालची ओळही कॉम्प्युटरनेच लिहायला हवी. म्हणजे एक फंक्शन हवं, ज्याला आकडा द्यायचा आणि ज्याने शब्द परत द्यायचे.

इंग्रजीत हे काम सोपं आहे. शून्यापासून एकोणीसपर्यंतचे २० शब्द आणि ट्वेंटी ते नाइन्टी हे ८, अशा २८ शब्दांत ९९ पर्यंतचं सगळं जुळवता येतं. मराठीत तसं नाही. पंचवीसमधला पंच आणि पंच्याऐंशीतला पंच्या, बावीसमधला बा आणि बहात्तरातला बहा. नियम शोधत बसण्यापेक्षा शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर शब्दांची यादीच द्यावी लागते. हिंदी-गुजरातीतही तीच गत. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरं टाळावीत आणि अंक लिहिण्याचा व बोलण्याचा क्रम एक व्हावा, हा त्यामागचा विचार. प्रोग्रॅमर म्हणून सांगायचं तर त्या पद्धतीने आपलीही यादी २८ शब्दांवर आली असती. पण पावतीवर "सत्तर पाच" वाचून आजोबा काय म्हणतील, ते तुम्हीच ठरवा.)

यादीच्या वरचं काम हलकं आहे. रकमेतून आधी कोटी काढायचे, मग लाख, मग हजार, मग शेकडा, आणि उरलेल्या दोन अंकांसाठी यादीत बघायचं. १,२५,७५० म्हणजे एक लाख, पंचवीस हजार, सातशे, पन्नास. खाच एकच: दोनशे, तीनशे, एकशे एक हे सगळं "शे" जोडून होतं, पण नुसत्या १०० ला "एकशे" म्हणत नाहीत, "शंभर" म्हणतात. त्यासाठी वेगळी अट घालावी लागते.

आता हे फंक्शन ठेवायचं कुठे, या प्रश्नाला आपण का एवढं महत्त्व देतोय, ते एका मंडळात (आपल्या नव्हे) जे झालं त्यावरून कळेल. तिथे आधी गणेशोत्सवाच्या वर्गणीचं पान कोणीतरी हौसेने तयार केलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कार्यकर्त्याने सभासद नोंदणीचं पान केलं आणि वर्गणीच्या पानातून अक्षरी रकमेचं फंक्शन उचलून चिकटवलं. तिसऱ्याने सहलीच्या नोंदणीसाठी पुन्हा तेच केलं. मूळ यादीत एक शब्द राहून गेला होता: एकोणसाठ. अठ्ठावन्ननंतर थेट साठ. ज्याने यादी टाइप केली त्याचं शिक्षण हिंदी आणि इंग्रजीतून झालं होतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तुमच्यापैकी किती जण ५९, ६९, ७९ हे न अडखळता मराठीत म्हणतात, जरा स्वतःशी म्हणून बघा.

एक शब्द गळला म्हणजे त्या एकाच आकड्याची चूक नाही. यादीत जागेवरून शोध होतो, त्यामुळे ५९ पासून पुढचा प्रत्येक शब्द एक घर पुढे सरकला. ६० ला एकसष्ट, ७५ ला शहात्तर. आणि ९९ व्या जागेवर काहीच नाही, तिथे "अनडिफाइंड" छापून आलं असतं. पण आपल्याकडे वर्गणी ५१, १०१, २५१, ५०१ अशी देतात. यातला शेवटचा दोन अंकी भाग कधीच ५८ च्या पुढे जात नाही! म्हणून दोन वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. सहलीची रक्कम २,४७५ ठरली तेव्हा खजिनदार काकांना दिसलं: आकड्यात २,४७५ आणि अक्षरी "दोन हजार चारशे शहात्तर". त्यांनी सांगितलं, सहलीच्या पानात दुरुस्ती झाली. सभासद नोंदणीचं पान तसंच राहिलं, कारण तिथेही तीच यादी आहे हे कोणाच्या लक्षात असणार? पुढच्या वर्षी सभासद फी ३७५ झाली आणि प्रत्येक पावतीवर "तीनशे शहात्तर" गेलं. हिशेब तपासनिसांनी त्या सगळ्या पावत्यांची यादी मागितली आणि पावत्या बदलून द्यायला लावल्या. चेकच्या बाबतीत तर कायदाच आहे: १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षर वेगळं निघालं तर अक्षरी रक्कम धरायची. पावतीला ते कलम लागत नाही, पण अक्षराकडे आकड्यापेक्षा जास्त विश्वासाने पाहायची सवय तिथेही आहे.

मला ती पानं दुरुस्त करायला दिली तेव्हा तीन फाइलींत त्याच फंक्शनच्या तीन अवस्था होत्या. एकीत "शंभर"ची अट होती पण एकोणसाठ नव्हता, एकीत एकोणसाठ होता पण "शंभर"ची अट नव्हती, तिसरीत दोन्ही नव्हतं.

यावर उपाय म्हणजे मॉड्यूल. मॉड्यूल ही काही मोठी गोष्ट नाही. मॉड्यूल म्हणजे एक फाइल, जी ठरवते की तिच्यातलं काय बाहेर द्यायचं. बाहेर द्यायच्या फंक्शनच्या आधी "एक्स्पोर्ट" हा शब्द लिहायचा. ज्या फाइलीला ते हवं, तिच्या सुरुवातीला "इम्पोर्ट" लिहून महिरपी कंसात फंक्शनचं नाव आणि पुढे फाइलचा पत्ता द्यायचा. (इथे मी सगळं देवनागरीत लिहितेय, टाइप करताना हे शब्द अर्थातच रोमनमध्ये. गंमत म्हणजे फंक्शनचं स्वतःचं नाव मात्र देवनागरीत ठेवलेलं जावास्क्रिप्टला चालतं. "अक्षरी" नावाचं फंक्शन लिहून बघा, चालेल. नोकरीच्या ठिकाणी करू नका, सहकारी बोलणं सोडतील.)

तर "रक्कम" नावाची एक फाइल केली. तिच्यात शंभर शब्दांची यादी आणि "अक्षरी" हे फंक्शन. एक्स्पोर्ट फक्त फंक्शन केलं, यादी नाही. हे मुद्दाम. यादी बाहेर दिली की कोणीतरी सरळ यादीतूनच शब्द उचलणार, आणि उद्या मला यादीची मांडणी बदलायची झाली की त्याचं पान मोडणार. जे एक्स्पोर्ट केलं नाही ते फाइलीच्या आतच राहतं, बाहेरून कोणाला दिसतसुद्धा नाही. काय आत ठेवायचं हे ठरवण्यात जास्त वेळ घालवावा, असं माझं मत आहे.

पण नुसतं फंक्शन उचलून नव्या फाइलीत टाकल्याने भागलं नाही. जुनं फंक्शन रक्कम स्वतःच वर्गणीच्या फॉर्मच्या रकान्यातून वाचत होतं आणि शब्द स्वतःच पावतीवरच्या चौकटीत लिहीत होतं. म्हणजे त्याला तो फॉर्म आणि ती चौकट यांच्याशिवाय जगता येत नव्हतं. म्हणूनच पुढच्या दोघांनी चिकटवताना त्यात रकान्यांची नावं बदलली, आणि इथूनच प्रती एकमेकींपासून दूर जायला लागल्या. पुन्हा वापरता येणारं फंक्शन आकडा कंसातून घेतं आणि उत्तर परत देतं. पान कोणतं, रकाना कोणता, याची त्याला खबर नसते. रकान्यातून वाचणं आणि चौकटीत लिहिणं हे ज्या त्या पानाच्या फाइलीचं काम. देवासच्या ताईला माझं सांगणं हेच की फाइल तोडायच्या आधी प्रत्येक फंक्शन उघडून बघ: ते "डॉक्युमेंट"चं नाव घेतं का? घेत असेल तर आधी त्याचे दोन तुकडे कर, हिशेब करणारा आणि पानाला हात लावणारा. मग हिशेबाचे तुकडे बाहेर काढ.

त्याच फाइलीत मी दुसरं छोटं फंक्शन ठेवलं. मराठी कीबोर्ड वापरणारे काका-काकू रकमेच्या रकान्यात ५०१ देवनागरी अंकांत लिहितात. जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही; संख्येत रूपांतर करायला गेलं की "नॅन" मिळतं, म्हणजे "ही संख्या नाही". युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नऊपर्यंतचे अंक त्याच्या पुढे ओळीने आहेत, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की झालं. उलट दिशेचं, म्हणजे संख्या देवनागरी अंकांत आणि लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह दाखवण्याचं काम, ब्राउझरमध्ये आधीच आहे. "इंटल"च्या नंबरफॉरमॅटला "एमआर-आयएन" सांगितलं की पुरे. ते स्वतः लिहायला जाऊ नका.

यादी छापून मी मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिका काकूंकडे दिली. त्यांनी लाल पेनाने "नव्याण्णव"चं "नव्व्याण्णव" केलं, "पंचाऐंशी"चं "पंच्याऐंशी" केलं, आणि एकोणसाठच्या जागी पुढे एक टिकलीसुद्धा मारून दिली. फाइलीत एकदा दुरुस्ती केली. तिन्ही पानांवर झाली. शिवाय यादीची लांबी शंभरच आहे ना, हे तपासणारी एक ओळ फाइलीतच घातली. शब्द गळला तर पानच चालू होणार नाही, चुकीची पावती निघण्यापेक्षा ते बरं.

आता थोडं मागे जाऊ, कारण "मॉड्यूल आधी का नव्हतं" हे कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना १० दिवसांत केला. पानावर छोटीमोठी हालचाल करायला भाषा, मोठे प्रोग्रॅम लिहायला नव्हे. त्यामुळे एका पानावर कितीही स्क्रिप्ट फाइली जोडा, सगळ्यांची नावं एकाच अंगणात. दोन फाइलींत "दाखवा" नावाचं फंक्शन असलं की नंतरचं आधीच्याला गुपचूप पुसून टाकायचं, आणि कोणी तक्रारही करायचं नाही. देवासच्या तिघींचं हेच होतंय, माझी खात्री आहे. मॉड्यूलमध्ये एकाच फाइलीत तेच नाव दोनदा आलं तर जावास्क्रिप्ट लगेच अडवते, आणि वेगळ्या फाइलींत आलं तर काही बिघडत नाही.

सामायिक अंगणाची किंमत किती लांबून मोजावी लागते त्याचा एक किस्सा. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने सगळ्या अ‍ॅरेंना परस्पर आपलं "फ्लॅटन" नावाचं फंक्शन जोडून ठेवलं होतं. भाषेतच त्या नावाची सोय आणायचं ठरलं, तर २०१८ मध्ये चाचणीत कळलं की मूटूल्सवर चालणारी जुनी संकेतस्थळं मोडतायत. वेबवरचं जुनं मोडायचं नाही हा दंडक, म्हणून नाव बदलावं लागलं. आज आपण "फ्लॅट" लिहितो ते त्यामुळे.

मी बी.ई. करत होते तेव्हा भाषेत मॉड्यूलची सोयच नव्हती. २००९ मध्ये रायन डालने नोड.जेएस आणलं, त्यात "रिक्वायर" आणि "मॉड्यूल डॉट एक्स्पोर्ट्स" ही कॉमनजेएसची पद्धत आली. भाषेच्या अधिकृत नियमांत इम्पोर्ट-एक्स्पोर्ट आलं ते २०१५ मध्ये, आणि ब्राउझरांत ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी रुळलं. म्हणून कॉलेजच्या नोट्समध्ये "रिक्वायर" आणि व्हिडिओत "इम्पोर्ट" दिसतं. नवीन काम असेल तर इम्पोर्टच वापरा. नोडमध्ये त्यासाठी पॅकेज.जेसन फाइलीत "टाइप" पुढे "मॉड्यूल" लिहायचं.

ब्राउझरमध्ये पहिल्या दिवशी हमखास तीन ठेचा लागतात. स्क्रिप्टच्या टॅगमध्ये "टाइप" हे "मॉड्यूल" असं सांगितलं नाही तर इम्पोर्टच्या ओळीवरच चूक दिसते. एचटीएमएल फाइल डबल-क्लिक करून उघडली तर मॉड्यूल्स चालत नाहीत, छोटा सर्व्हर लागतो. व्हीएस कोडमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन पुरतं. आणि बटणाच्या टॅगमध्येच "ऑनक्लिक" लिहून फंक्शन बोलावलं असेल तर "नॉट डिफाइंड" येतं, कारण फंक्शन आता अंगणात नाही, फाइलीच्या आत आहे. तिथे "अ‍ॅड इव्हेंट लिसनर" वापरायचं. फाइलचा पत्ता देताना सुरुवातीचा टिंब-स्लॅश आणि शेवटचं "डॉट जेएस" गाळू नका.

एक्स्पोर्टचे दोन प्रकार दिसतील, नावाने आणि "डिफॉल्ट". मी नावानेच करते. डिफॉल्ट घेणारा त्याला हवं ते नाव ठेवू शकतो. मग एकाच्या फाइलीत "अक्षरी", दुसऱ्याच्या "शब्दात", तिसऱ्याच्या "कन्व्हर्ट", आणि शोधायला गेलं की एकही सापडत नाही.

फाइली किती करायच्या? प्रत्येक फंक्शनला एक अशी काही सक्ती नाही. जे एका कारणाने बदलतं ते एकत्र: रकमेचं रकमेबरोबर, तारखांचं तारखांबरोबर. "युटिल्स" नावाची फाइल मात्र करू नका. ती घरातल्या माळ्यासारखी असते, जे कुठे ठेवावं कळत नाही ते सगळं तिथे जातं, आणि दिवाळीला सुद्धा कोणी आवरत नाही.

आणि तयार मॉड्यूल इंटरनेटवरून घ्यावं का? मोठ्या कामासाठी जरूर. पण २२ मार्च २०१६ लक्षात ठेवा. लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज, काम एवढंच की शब्दाच्या डावीकडे जागा भरणं. एका दुसऱ्या पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि लेखकाने एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्या ११ ओळींवर बेबेलसारखी मोठी साधनं उभी होती. जगभरात लोकांचं काम अडलं, आणि काही तासांत एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं. तेच काम करणारं "पॅडस्टार्ट" २०१७ पासून भाषेतच आहे. शंभर शब्दांची यादी तर आपल्या काकूंकडून तपासलेली आहे, ती कोणा अनोळखी माणसाच्या पॅकेजवर कशाला सोपवायची?

पैशांचं मुद्दाम टाळलंय. ५०१ रुपये ५० पैसे आले की दशांशाची भानगड सुरू होते. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवायची आणि शेवटी १०० ने भागायचं, एवढं आज पुरे. ते पुढच्या महिन्यात सविस्तर पाहू.

दरम्यान एक काम करा. ८९ ला मराठीत "एकोणनव्वद" म्हणतात, हिंदीत "नवासी". आणि एकोणनव्वदच्या चालीवर ९९ ला "एकोणशंभर" व्हायला हवं होतं, पण होत नाही. तुमच्या घरी आजी-आजोबा ५९ ते ९९ कसे म्हणतात ते विचारून मला लिहून पाठवा. वेगळे उच्चार आले तर यादीत त्यांनाही जागा करू, "अक्षरी"ला हात न लावता.